जामीनदार व्हर्लीनबाई

केंटकीच्या डोंगरात, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात, व्हर्लीन स्टॅम्पर फी घेऊन लोकांना जामीन राहायच्या. कुणाचा मुलगा तुरुंगात गेला की आई त्यांचं दार ठोठावी आणि व्हर्लीनबाई कोर्टात जाऊन त्याला सोडवून आणीत. तारखेला तो हजर झाला नाही तर भुर्दंड त्यांनाच. म्हणून तारखेच्या सकाळी त्या स्वतः गाडी काढत. धुक्यात रस्ता, नदी, डोंगर सगळं एकच पांढरं झालेलं असे, आणि त्या पांढऱ्यातून एकेक झोपाळू माणूस अलगद येऊन मागच्या सीटवर बसे.

शहात्तर साली राज्यानं कायदा केला. पैसे घेऊन जामीन राहणं बंद. आता कोर्टाचाच माणूस तुरुंगात येऊन विचारू लागला, घर कुठं, काम काय, आपलं म्हणावं असं कोण आहे? पटलं तर आरोपी जातमुचलक्यावर बाहेर. व्हर्लीनबाईंनी रागारागानं पाटी उतरवली. मग दिवसभर ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसायचं, एवढंच उरलं. डोंगराआडून कोळशाची मालगाडी जाई. तिचा आवाज झोपेत ऐकल्यासारखा वाटे.

एका दुपारी डेल्मर फ्युगेट फाटकातून आत आला. पिऊन बिलियर्डच्या अड्ड्याची काच फोडली म्हणून आत गेला होता. पूर्वी त्याला दरवेळी बाईंनीच सोडवलेलं.

"सुटलो, व्हर्लीनबाई!"

"मग इकडे कशाला तडमडलास? माझं दुकान बंद झालंय."

"ते माहितेय हो. पण मला जामीन कोण राहिलं, तेच कळेना."

"तूच. तुझ्या शब्दावर सोडलंय तुला."

डेल्मर खो खो हसला. "माझ्या? अहो, माझ्या भरवशावर बायको चुलीवरचा घेवडासुद्धा सोडून जात नाही!" मग हसू आवरून म्हणाला, "भीती वाटते, बाई. तुमच्या नावावर असलो की पळायची लाज वाटायची. आता कुणाची लाज बाळगू?"

बाईंनी त्याला मक्याचा पाव वाढला. खाऊन तो झोपाळ्यावरच झोपी गेला. त्याच्याकडे बघताना बाईंना वाटलं, आजवर सोडवलेले सगळेच इथं, या उन्हात, शांत झोपलेत. आणि यांच्यातल्या एकालाही आपण कधी विचारलं नाही, बाबा रे, तुला स्वतःहून यायचंय का?

तारखेच्या सकाळी, आपला काही संबंध नाही असं म्हणत म्हणतच त्यांनी गाडी काढली. डेल्मरची बायको ओपल दारात उभी होती.

"तो कधीच गेला. पायी."

बाईंना वाटलं, पळाला! गाडी धुक्यातून हळूहळू सरकत होती. पुलाजवळ एक आकृती दिसली. धुतलेला शर्ट, हातात टोपी. तोंड कोर्टाकडे.

"बस गाडीत, वेड्या!"

"नको, बाई. आज माझा मीच चाललोय."

कोर्टात बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नाव पुकारताच डेल्मर "हजर!" असा ओरडला की जज्जसाहेबांनाही हसू फुटलं. काच स्वतःच्या हातानं बसवून दे, एवढ्यावर सुटका झाली.

बाहेर आल्यावर डेल्मरनं विचारलं, "तुम्ही कुणासाठी आला होता?"

"कुणासाठी नाही," बाई म्हणाल्या. "सहजच."

गाडी तिथंच सोडून त्या नदीकाठानं चालू लागल्या. धुकं विरत होतं. पलीकडचा काठ दिसायला लागला होता. कुणाला आणायला जायचं नव्हतं, म्हणून त्या बराच वेळ चालत राहिल्या.