त्याचं जुनं नाव

गुणाबाई सोळा वर्षांची असताना अस्वलाने तिचा डावा गाल फाडला. तरी मोहर्लीकडच्या जंगलात ती निर्धास्त फिरायची. एकदा धरलेल्याला अस्वल पुन्हा शिवत नाही, असं गावात म्हणत.

एकोणीसशे सत्तावन्नच्या चैत्रात नागपूरचे प्राध्यापक गुणवंतराव बोलीतले शब्द गोळा करायला आले. पहाटे ती मोहफुलं वेचायला निघाली, तर तेही वही घेऊन मागोमाग. झाडांची, पाखरांची नावं तिने भराभर सांगितली. अस्वलापाशी अडली.

"मोहाच्या दिवसात त्याचं नाव नाई घेत, मास्तर. बुढा म्हणाचं."

गुणवंतराव हरखले. "बाई, थेट रशियातही असंच झालं! भीतीपोटी लोकांनी मूळ नाव टाकलं, 'मधखाऊ' म्हणू लागले. आपल्याकडे ते टिकलं. संस्कृतात ऋक्ष, हिंदीत रीछ, ग्रीकांचं आर्क्तोस. या साऱ्या शब्दांची माय असलेलं सगळ्यात जुनं नाव कुठंच लिहिलेलं नाही. पंडितांनी लेकींच्या तोंडावळ्यावरून ते जुळवलंय."

"मंग ते कोणी बोलत नाई?"

"हजारो वर्षांत नाही." आणि ते मोठ्याने म्हणाले, "ह्रत्कोस."

झाडावरचे होले घुमायचे थांबले. तेंदूच्या झुडपामागून ते उठलं, दोन पायांवर, माणसासारखं. अंगावर आलं नाही, गुरगुरलंही नाही. कोणी हाक मारावी तसं मान कलती करून ऐकत राहिलं. प्राध्यापकांचे ओठ पुन्हा हलले, तसा गुणाबाईने मोहफुलांनी चिकट झालेला तळवा त्यांच्या तोंडावर दाबला. किती वेळ, कोण जाणे. मग ते चार पायांवर आलं आणि झाडीत शिरलं.

गुणवंतराव दुपारीच बैलगाडीने परतले. निघण्याआधी वहीतलं ते पान त्यांनी गुणाबाईच्या चुलीत घातलं. शब्द मात्र गुणाबाईपाशी राहिला. धान कांडताना, पाणी शेंदताना जिभेवर यायचा. ती दात आवळायची. मोह वेचणं तिने सोडलं, तळ्यावर मासोळ्या धरू लागली.

पावसाळ्यात ताप डोक्यात चढला, तेव्हा तिने लेकीला, गिरजाला, जवळ बोलावलं. "मी बरळली तं माह्या तोंडाले फडकं बांध."

"काऊन वो माय?"

"बांध म्हणतो तं बांध."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी फडक्याआड माय काहीतरी पुटपुटली. अंगणातल्या कोंबड्या एकदम चिडीचूप झाल्या. कुडापलीकडे कोणीतरी जड श्वास घेत उभं होतं. गिरजा मुसळ धरून दाराशी बसून राहिली.

संध्याकाळी ताप उतरला, तसा कुडापलीकडचा श्वासही दूर गेला. गुणाबाई पुढे बरीच वर्षं जगली. बोलायची कमी, आणि बोलण्याआधी प्रत्येक शब्द तोंडात घोळवून पाहायची.