दोन बटणांची गाडी

"हात! हात काढा तो! कुणाचा हात आहे तिथे?"

हात माझा होता. माझे साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आपल्या लाल गाडीत बसून ओरडत होते आणि मी बाहेर बॉनेटला टेकून चहाची वाट बघत होतो. गाडीचा डावा दिवा इतका वेळ बेडकाच्या डोळ्यासारखा वर आलेला होता, तो खाडकन आत गेला. माझ्या करंगळीपासून चांगला हातभर लांब. तरी साडूभाऊ उतरले, माझा पंजा उलटसुलट केला आणि बोटं मोजली. दोनदा.

"पाच," ते म्हणाले. "आता दुसरा दाखवा."

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत, मधले सगळे नाले धरून, इतका सावध माणूस झालेला नाही. अंबरनाथच्या मोरिवलीतल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रेसशॉप सांभाळलं. प्रेस म्हणजे हत्तीने पाय ठेवावा तसं पत्र्यावर आदळणारं यंत्र. चौतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकाचंही बोट गेलं नाही, आणि याचं श्रेय ते देवाशी वाटून घ्यायला तयार नाहीत. शिवमंदिरात जातात ते फक्त त्याला माहिती असावी म्हणून. माझं लग्न ठरलं तेव्हा बाकीच्यांनी नोकरी विचारली, घर विचारलं. यांनी हात मिळवता मिळवता बोटं मोजली आणि "मुलगा सांभाळून काम करणारा आहे" असा निर्वाळा दिला. लग्न त्यावर झालं. कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं, 'माणूस कामावर आहे' अशी पाटी लटकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, अशी पद्धत असते. साडूभाऊ ती पद्धत घरी घेऊन आले. एकदा ट्यूब बदलण्यासाठी त्यांनी जिन्याखालच्या मेन स्विचला कुलूप घातलं, स्टार्टर आणायला उल्हासनगरला गेले आणि मावसभावाकडे जेवायला थांबले. तीन मजले पंख्याशिवाय खाली येऊन पाटी वाचत होते. "माणूस कामावर आहे म्हणजे नक्की कुठे आहे, काकू?" असं शेजाऱ्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या या थोरल्या मेहुणीला, विचारलं. ताई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून मीही तेच विचारतेय.

असा माणूस स्पोर्ट्स कार घेईल असं कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. पण कारखाना बंद झाला, आणि साडूभाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बाल्कनीत बसू लागले, जणू ते हात कुणीतरी त्यांना सांभाळायला दिले होते. अशात एका सिंधी व्यापाऱ्याच्या उल्हासनगरच्या गोदामात त्यांना ही गाडी दिसली. परदेशी, लाल, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसायचं. दिवे बॉनेटमध्ये झाकलेले. चालू केले की मोटर फिरून ते वर उठावेत अशी योजना. "साईं, इंजन मख्खन है," व्यापारी म्हणाला, "बस, एक आँख थोडी शरमाती है." प्रत्यक्षात दोन्ही लाजत होते. साडूभाऊंना तेच हवं होतं. पळण्यासाठी त्यांनी गाडी घेतलीच नव्हती. बदलापूर रस्त्यावर एका दूधवाल्याने सायकलवरून तिला मागे टाकलं, तेव्हा यांनी खिडकीतून हात काढून त्याला रीतसर पुढे जाऊ दिलं.

त्यांनी मोटरी उघडल्या. आतल्या गिअरमध्ये प्लॅस्टिकचे तीन-तीन बुश, म्हणजे पकड देणाऱ्या छोट्या नळ्या, जेमतेम वाटाण्याएवढ्या, आणि तीस वर्षांत त्यांचं बेसन झालेलं. मोटर गरगर फिरायची, दिवा ढिम्म. हे बुश इथे कुठे मिळायचे? साडूभाऊंनी सात दिवस विचार केला आणि आठव्या दिवशी ताईंच्या मिक्सरचं, भांड्यातलं पातं फिरवणारं रबरी कपलर उपसून त्यातून ब्लेडने सहा बुश कापले. दिवे उठले. असे उठले की समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी नमस्कार केला.

त्या संध्याकाळी ताईंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. वीस बायका यायच्या होत्या, हरभऱ्याची डाळ भिजलेली, कैरी किसलेली, आणि मिक्सर नुसता गुणगुणत होता. पुढे नवरा-बायकोत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी घरी बदलापुरात होतो, त्यामुळे फक्त आवाज ऐकू आला. निकाल मात्र पक्का लागला. ताई त्या गाडीत पाय ठेवणार नाहीत. आणि महिनाअखेर गाडीची तपासणी आहे, त्यात दिवे न उठल्याने नोंदणी वाढवून मिळाली नाही, तर गाडी तिथल्या तिथे भंगारात. साडूभाऊंनी मान डोलावली.

तिथे थांबले असते तर काही अडचण नव्हती. पण मध्येच माझ्या करंगळीचा तो प्रसंग घडला आणि त्यांना झोप लागेना. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे यंत्रात एकही हात नाही. एका बटणात काडी खुपसून ठेवणारे हुशार लोक असतात, म्हणून दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबली तरच यंत्र हलतं. साडूभाऊंनी तीच जोडणी गाडीला केली. एक बटण चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, दुसरं शेजारी बसणाऱ्यासमोर.

"पण एकटा माणूस दिवे लावणार कसे?" मी विचारलं.

"एकट्याने अंधारात जायचंच कशाला?"

तपासणीला त्यांच्या शेजारी मी बसलो. ताई शब्दाच्या पक्क्या. त्या मागून भंगारवाल्याच्या टेम्पोतून आल्या. आरटीओचे साहेब कागद घेऊन गाडीसमोर उभे राहिले. "दिवे," ते म्हणाले.

साडूभाऊंनी मोजलं, "एक, दोन, तीन." मी तीनवर दाबलं, त्यांनी तीन झाल्यावर.

"तीनवर की तीन झाल्यावर?" मी विचारलं.

"तीनवर."

मग त्यांनी तीनवर दाबलं, आणि मी त्यांच्यासाठी थांबलो. असं सहा वेळा झालं. दिव्यांनी डोकं वर काढलं नाही.

"काका, चालतात का नाही ते सांगा. मागे लाइन आहे."

"चालतात साहेब. फक्त सुरक्षित आहेत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मागे भंगारवाल्याने टेम्पो चालू केला. साडूभाऊंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, बाल्कनीत ठेवायचे तसे.

तेवढ्यात माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतरा तुम्ही," ताई म्हणाल्या. त्या आत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत बटणावर अंगठा ठेवला. साडूभाऊही समोरच बघत होते. कुणी मोजलं नाही. दोन्ही दिवे एकदम वर आले.

"पुन्हा," साहेब म्हणाले. पुन्हा. तिसऱ्यांदाही. साहेबांनी सही केली.

गाडीत जागा दोघांचीच, त्यामुळे परत मी टेम्पोतून आलो. अंबरनाथपर्यंत आम्ही तीसच्या वेगाने त्यांच्या मागे होतो. भरदुपारी, गरज नसताना, प्रत्येक वळणावर त्यांचे दिवे उठत होते आणि मिटत होते, एकदाही मागेपुढे न होता. भंगारवाल्याने बराच वेळ ते बघितलं आणि मग रेडिओ बंद केला.

घरी पोचल्यावर साडूभाऊ गाडीवर कापड घालत होते, तेव्हा मी ताईंना गाठलं. म्हटलं, आम्ही सहा वेळा मोजूनही जमलं नाही, तुम्हाला न मोजता कसं कळलं?

"त्यात काय कळायचंय," ताई चपला काढत म्हणाल्या. "दाबायच्या आधी ते श्वास रोखतात."