खोडरबराचा वास

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते मुकुंदवाडीतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्त करायचं. लई वर्षं झाली. काल नात शेजारी बसून खोडरबर घासत होती, त्या वासानं मला परत तिथं नेलं.

मशीन नुसतं पी-पी करत होतं, स्क्रीन काळी. टायपिंग बायकोचं, खोलाखोली माझी. मी डबा उघडला, ब्लोअरनं धूळ उडवली, रॅमची पट्टी काढून तिची काळी पडलेली सोनेरी कड खोडरबरानं घासत बसलो. ती टॉर्च धरून उभी होती.

"अगं, उजेड इथं पाड. भिंतीला काय दाखवती?"

"तुमचं टक्कल मधी येतंय, त्याला मी काय करू? आटपा, उद्या पोरं फॉर्म भरायला येतील."

पट्टी बसवली अन् मशीन सुरू झालं. तेव्हा वाटलं, लवकर उरकलं, बरं झालं. आता वाटतं, बिघाड मोठा पायजे होता. अजून घटकाभर तिथंच राहिलो असतो.

संध्याकाळी घरी भाकरी थापता थापता ती कलंडली, ती उठलीच नाय.

सकाळी स्मशानात द्यायला तिच्या आधारकार्डाची प्रत लागत होती. लेक म्हणला, "बाबा, तुम्ही बसा. मी काढून आणतो."

"दुकान आपलं हाय. मी जातो."

शटर उचललं. मशीन एका दमात चालू झालं. तिच्या खुर्चीवर बसवंना, उभ्यानंच प्रिंट काढली. कागद गरम निघाला. तो गार होईस्तवर मी हातात धरून उभा राहिलो.