शिवणीतली माया

आमच्या शिंपीमास्तरांना सगळी गल्ली कात्रीसाहेब म्हणायची. दुकान दोन खणांचं. पुढच्या खणात कापायचं टेबल, मागच्या खणात मशीन. टेबल बापाचं, मशीन मुलाचं. मुलगा विसाव्या वर्षी त्या मशीनवर बसला तो सत्तेचाळिसाव्या वर्षीही तिथेच. केस पिकले, चष्मा लागला, पण कात्रीला हात लावायची सोय नव्हती. गिऱ्हाईक समोर असलं की मास्तरांना आणखी चेव यायचा. म्हणायचे, "आमचे चिरंजीव सरळ शिवण मारतात. वाकडं वळण आलं की मला हाक मारतात." गिऱ्हाईक हसायचं. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो. बाकावर बसून फुकट चहा पिणाऱ्याने हसायचं नाही तर काय करायचं?

मुलगा वर्षातून एकदा तरी विचारायचा, "बाबा, कटिंग मला कधी देणार?"

"मी मेल्यावर घे. तेव्हा कोण अडवणार आहे?"

मग मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमके त्याच वेळी एका हॉटेलातल्या बारा वेटरांचे कोट शिवायचे होते. मापं मास्तर आधीच घेऊन आले होते. नाइलाज झाला. हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्याने खुर्चीत बसून त्यांनी मापांची वही मुलापुढे सरकवली, मोठी कात्रीही दिली. मुलाने त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे हात केला, तर म्हणाले, "ही राहू दे. माझ्या गळ्याची सवय आहे. तू बाजारातून नवी आण."

मुलगा काय खुलला होता म्हणून सांगू! खडूची एकेक रेघ अशी ओढत होता, जणू लग्नपत्रिकेवर नावं घालतोय. आठ दिवसांत बारा कोट तयार.

नवव्या दिवशी वेटर कोट घालूनच दुकानात आले. एकाचंही बटण लागेना. त्यांच्यातला जाडा म्हणाला, "धाकटे मास्तर, यात श्वास एकदाच घेता येतो. तो सोडायचा कुठे?" सगळे खो खो हसले. मुलाचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्याने वही पाहिली, कोट मोजले. माप बरोब्बर!

मास्तर खुर्चीतून सावकाश म्हणाले, "वहीतलं माप माझ्या टेपचं आहे. ही टेप ओढून ओढून सैल झालीय. चाळीस इंचांमागे दीड इंच खाते. मी हिनेच मोजतो, हिनेच कापतो, म्हणून जुळतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं."

"मग नवी आण म्हणालात ते?"

"तू विचारलं नाहीस."

मी चहाचा कप खाली ठेवला. मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो, समाधान होतं. मुलाला हरलेला पाहून बापाला समाधान झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"रडू नकोस," मास्तर म्हणाले. "आत माया किती ठेवलीस?" शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

"दोन्ही बाजूंना एकेक इंच."

"मग उसव आणि सोड. भागेल."

"भागेल," मुलगा म्हणाला. "कपड्यात ठेवायला तेवढी शिकवलीत तुम्ही."

दोन दिवसांत त्याने बाराही कोट उसवून सैल केले, इस्त्री करून पोहोचवले. तिसऱ्या दिवशी मशीनवर खोळ घातली आणि स्टेशनाजवळच्या तयार कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. तिथे दिवसभर लोकांच्या विजारी आखूड करतो. मी समजवायला गेलो, तर दातात दोरा धरून म्हणाला, "काका, चहा घ्या. त्यांचा विषय नको."

मास्तरांचा डोळा बरा झाला. ते पुन्हा टेबलापाशी उभे राहिले. कापड घेत होते, कापत होते, गठ्ठे बांधून ठेवत होते. शिवणार कोण? त्यांना मशीन सोडून सत्तावीस वर्षं झालेली, दोरा सुईत जाईना. कोणी विचारलं की सांगायचे, "पोरगा येईल चार दिवसांत." चार दिवसांचे चार महिने झाले. मग एकेक गिऱ्हाईक आपलं कापलेलं कापड परत न्यायला लागलं. शेवटी मीही नेलं. बाह्या, पाठ, कॉलर, सगळं वेगवेगळं. बायको म्हणाली, "हे आता कोणाला द्यायचं?"