भाड्याची गाडी

१९४८ साली, हिंदुस्थानची फौज हैदराबाद संस्थानात शिरली त्या भादव्यात, सोलापूरहून तुळजापूरकडं येणाऱ्या रस्त्यावर, सरहद्दीवरच्या निजामाच्या जकात नाक्याशी लाडलेसाब नावाचा एक माणूस बैलगाडीतून खाली उतरला. तो पुन्हा गाडीत चढला नाही. गाडीत माझी आई होती, धाकटी बहीण होती आणि मी होतो. नाक्यावर काय झालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोला नाही. छापायला तर नाहीच.

माझी हयात वर्तमानपत्रात गेली. ज्या गोष्टीची खात्री नाही तिला आमच्याकडं ‘असे समजते’ जोडायची रीत आहे. आमच्या घरात या प्रकाराची एक हकिकत सांगितली जाते — नाक्यावरच्या टोळक्यानं लाडलेसाबमामूंना ओढून नेलं, आपण काही करू शकलो नाही. नातवंडांनाही ती पाठ आहे. ती माझ्याच तोंडून निघाली आणि मी तिला ‘असे समजते’ कधी जोडलं नाही. का जोडावं? मला तर सगळं नक्की ठाऊक होतं.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं.

आम्ही बेंबळीचे लिंगायत वाणी. घरी आईशी कानडी, दुकानात मराठी, फौजदार आला की मोडकी उर्दू. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. गाडी आमची होती, बैल लाडलेसाबचे. दोन्ही घरं मिळून एकच गाडी हाकायची. अव्वा त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून ते आमचे मामू. दर संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही याच गाडीतून जायचो. वाटेतल्या प्रत्येक गावाच्या वेशीत बसलेली माणसं एकच प्रश्न विचारायची — कुणाची गाडी? कासरा ज्याच्या हातात, त्यानं उत्तर द्यायचं. मामू हाकत असले की ते म्हणायचे, “बेंबळीच्या लाडलेसाबची.” माझ्या हातात कासरा असला की मी म्हणायचो, “बेंबळीच्या वाण्याची.” त्या एका नावात गाडीतली सगळी माणसं आली. आत कोण आहे हे पुढं कुणी विचारत नसे. म्हणजे काही गावांना मी लाडलेसाबच्या घरचा होतो आणि काही गावांना मामू वाण्याच्या घरचे. आपण कुणाचे, हे मी असं शिकलो. शाळेत नाही, मठात नाही — त्या रस्त्यावर.

तर मग मला ही रीत माहीत नव्हती, असं कुणी म्हणू नये.

फौज येण्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या भागात रझाकारांचा जोर झाला. वडील आधीच सोलापूरला काकांकडं गेले होते. आम्हाला मामूंनी तिकडं पोचवलं. मामी — रहेमतबी — दोन्ही घरं राखायला बेंबळीत थांबली. नाक्यावर हत्यारबंद माणसांनी गाडी अडवली.

“किसकी गाडी है?”

“मेरी है जी. बेंबली का लाडलेसाब.”

“अंदर कौन?”

“घर के लोगां. बहन है, उसके बच्चे हैं.”

त्यातल्या एकानं ताडपत्री उचलली आणि अव्वाकडं पाहून हसला. “बहन के माथे पे कुंकू कैसा रे?”

“माथा उसका है जी,” मामू म्हणाले. “बहन मेरी है.”

तो माणूस आणखी मोठ्यानं हसला, दुसऱ्याला म्हणाला, “सुन्या क्या, वकील है!” आणि त्यानं रस्त्यावरचा आडवा बांबू वर करून गाडी सोडली. सरहद्द ओलांडल्यावर मामूंनी गाडी थांबवली आणि बैलांना पाजायला आणलेलं पाणी स्वतः प्यायले. सगळं प्यायले. “हसू नगस सिदू,” ते मला म्हणाले, “लई कोरड पडली व्हती.” मी हसत नव्हतो.

पावसाळाभर ते आमच्याबरोबर सोलापुरात राहिले. परत गेले असते तर बैल सरकारी कामाला ओढले असते. फौज आली, निजामानं शस्त्रं खाली ठेवली, आणि गावागावांतून उलट्या बातम्या येऊ लागल्या. आता मुसलमानांची घरं जळत होती. मामूंना मामीची काळजी लागली. एकटं जाऊ नका असं काकांनी त्यांना बजावलं. तेव्हा अव्वा उठली आणि भाकऱ्या बांधायला लागली. “आपण संगं असलो तर त्याला कोण इचारतंय?” ती म्हणाली. “त्यानं आपल्याला आणलं, आपण त्याला नेऊ.” एवढीच तिची योजना होती. त्या रस्त्याची रीत बघता ती चुकीची नव्हती.

नाक्यावर निजामाची माणसं उरली नव्हती. आजूबाजूच्या गावांतली तरणी पोरं चौकीत बसली होती. दारावर तिरंगा होता. चिखलात चाक रुतायला नको म्हणून मी गाडीच्या बराच पुढं चालत होतो, रस्ता बघत. त्यामुळं प्रश्न मला आला.

इथपर्यंत आलो की माणसं मला मदत करू पाहतील, हे मला ठाऊक आहे. तू एकोणीस वर्षांचा होतास. त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. काळच तसा होता. — ही मदत मला नको. मी हे लिहितोय ते याचसाठी, की मी घाबरलो नव्हतो.

हे पुन्हा वाचा. मी घाबरलो नव्हतो.

त्या पोरांनी मला पाहताच हाक मारली, “या की पाव्हणं! कोणचं गाव?” मी बेंबळी म्हणालो. एकानं हातावर साखर ठेवली. दुसऱ्यानं माझी टोपी बघून म्हटलं, “आपलाच हाय रं!” उन्हाळ्यापासून मी निर्वासित होतो, काकांच्या ओसरीवरचा. सोलापुरातली पोरं मला ‘निजामाचा’ म्हणून चिडवत. आणि आता या माणसांनी मला आपलं म्हटलं होतं. मला ते आवडलं. फार आवडलं. तोंडात साखर होती.

“कुणाची गाडी?” एकानं विचारलं.

किती सोपं होतं! बेंबळीच्या वाण्याची. हे उत्तर मी लहानपणापासून देत आलो होतो. ते दिलं असतं तर गाडी सुटली असती का? मला माहीत नाही. कदाचित नसती सुटली. पण ते उत्तर माझ्या तोंडून निघालं नाही. मला त्या पोरांतलाच व्हायचं होतं, आणि लाडलेसाबचा भाचा त्यांच्यातला होऊ शकत नव्हता.

“भाड्याची,” मी म्हणालो.

“आन् गाडीवान?”

“गाडीबरूबरचा. मला ठावं न्हाय.”

ही माझी कबुली. एवढीच आहे. कुणी विचारलं नव्हतं तेही मी सांगितलं — ‘मला ठावं न्हाय’ हे माझं मीच जोडलं.

गाडी अलीकडं थांबली होती. अव्वाला काही ऐकू गेलं नाही. पोरांनी हाक मारली तसे मामू उतरून चालत आले, चाबूक हातातच. साखर देणारा पोरगा त्यांना म्हणाला, “पाव्हणं म्हणत्यात, गाडी भाड्याची हाय. खरं का रं?”

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“व्हय,” ते म्हणाले. “भाड्याचीच.”

त्यांनी चाबूक माझ्या हातात दिला. “डाव्याला चढावर मारू नका, मालक,” ते म्हणाले. “त्यो बोलण्यावर चालतो.”

एरवी मी सिदू होतो. त्यांनी मला मालक त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. आम्हाला वाचवायला ते तसं बोलले, की माझ्याशी नातं तोडलं? वर्षानुवर्षं मी पहिलं उत्तर धरून बसलो, कारण ते सोयीचं होतं. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी छापत नाही.

अव्वानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्यांना काही विचारायचंय, आपण पुढं व्हायचं. ती म्हणाली, “तो येईस्तोवर न्हाय जायचं.” मी कासरा घेऊन बैल हाकले. घाटाच्या चढावर मी डाव्या बैलाला मारलं.

मामू हैदराबादला नातलगांकडं पोचले, असे समजते. त्याच रात्री नाक्यामागच्या ओढ्यात त्यांना मारलं, असेही समजते. दोन्हींपैकी एकाचीही खात्री मी करून घेतली नाही. माझ्या हाताखालच्या वार्ताहरांना मी फोन न केल्याबद्दल झापलं आहे, जागेवर न गेल्याबद्दल घरी बसवलं आहे. त्या नाक्यावरून मी पुढं एसटीनं कैक वेळा गेलो. उतरलो नाही. मामी पुढच्या वर्षी गुलबर्ग्याला भावाकडं गेली. अव्वा शेवटपर्यंत म्हणत राहिली, की टोळक्यानं मामूंना ओढून नेलं. मी मान हलवत राहिलो. मी माफी मागत नाही. जिच्याकडं मागायची त्या मामीकडं वेळेवर गेलो नाही, आणि वाचकाकडं मागणं म्हणजे पुन्हा एकदा भलत्याच माणसांत आपलं म्हणवून घेणं.

बेंबळीत शिरल्यावर बैल आमच्या दारात गेले नाहीत. ते त्यांच्या दारात गेले. रहेमतमामी घागर घेऊन बाहेर आली. लांबून गाडी आली की पाणी घालायची दोन्ही घरांची रीत होती — आधी बैलांच्या पायांवर, मग प्रवाशांच्या, सगळ्यांत शेवटी गाडीवानाच्या. तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं. अव्वाच्या पायांवर घातलं, बहिणीच्या घातलं. मग ती गाडीवानाच्या जागेकडं बघत म्हणाली, “आन् तुमचे मामू?”

“मागनं येत्यात,” मी म्हणालो.

तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पाय मागं घेतले नाहीत. घागरीत थोडं पाणी तिनं राखलं आणि घागर उंबऱ्याबाहेर ठेवली.