लेकराच्या आधी दही

बदनापूर स्टेशनच्या फलाटावर अण्णांनी माझी बॅग आडवी पाडली, तिची दोन्ही चाकं बोटानं फिरवून बघितली आणि सुतळीनं करकचून बांधून टाकली. चाकाची वस्तू मालकाच्या आधी पळते, असं त्यांचं मत. लग्नानंतर मी नवऱ्यापाठोपाठ हॉलंडला निघाले होते. आई रडणं थांबवून सुतळीची गाठ ओढून बघत होती. आमच्या घरात जीव असाच लावतात, आधी संशय घेऊन. इकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं ती गाठ अशा काही नजरेनं न्याहाळली की क्षणभर मला माहेरीच आल्यासारखं वाटलं.

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. बदनापूरला मी फक्त कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून बसायची. सायकल चालवायला शिकले ती इथं. पडून, खरचटून, एकदा बदकांच्या कळपात घुसून. आता भाजी, बँक, दाताचा डॉक्टर, सगळं सायकलवर. तुम्हा तिकडच्यांना मी फोटो पाठवते, त्यात मुद्दाम दोन्ही हात सोडलेले असतात.

मागच्या वर्षी माझी मुलगी मुक्ता बाळंतपणाची रजा संपवून कामावर जाणार होती. नात रेवा अकरा महिन्यांची. तिला आठवड्यातून तीन दिवस सायकलवरून पाळणाघरात पोचवायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. मग आम्ही दोघी लेकराची सीट बघायला दुकानात गेलो, आणि माझ्या अंगात अण्णा संचारले.

पुढच्या सीटवर वारा थेट लेकराच्या तोंडात. मागच्या सीटवर लेकरू माझ्या पाठीशी काय उद्योग करतंय, ते मला कसं कळावं? आणि ट्रेलर म्हणजे सायकलीला मागून जोडायची दोन चाकांची, जाळीची पेटी, वर नारिंगी झेंडा. दिसावी म्हणून झेंडा लावलाय, म्हणजे एरवी ती दिसत नाही हे त्यांनाही कबूल आहे. त्यात दुकानदार म्हणाला, महागातला घेऊ नका, हा स्वस्तातलाच तुम्हाला पुरेल. जालन्याच्या बाजारात असं बोलणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. मी मुक्ताला मराठीत सांगितलं, ह्याच्यात नक्की खोट आहे. तरी तिनं, पसंत नसला तर परत करायच्या बोलीवर, तोच ट्रेलर घरी आणला.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. वासरू न्यायचंय का, असं तिनं आधी विचारलं. लेकरू न्यायचंय म्हटल्यावर तिचा चेहरा गंभीर झाला.

"तुह्या अण्णांनी सायकलीच्या हँडलला वेताची खुर्ची अडकवल्ती, तवा मी आधी तिच्यात दह्याचं गाडगं बसवलं," ती म्हणाली. "दही मोडलं न्हाई, मंग तुला बसवलं."

झालं. रात्री स्टीलच्या डब्यात दही लावलं. सकाळी तो डबा ट्रेलरमध्ये पाच पट्ट्यांनी जखडला, शेजारी रेवाच्या वजनाइतकी कणीक ठेवली आणि पाळणाघराच्या विटांच्या रस्त्यानं चक्कर मारून आले. झाकण उघडलं तर आत निम्मं पाणी. मी डबा पुरावा मांडावा तसा टेबलावर ठेवला आणि ट्रेलर आजच्या आज परत करायचं फर्मान काढलं.

मुक्तानं तो डबा रिकामा करून धुतला. तिनं पुन्हा दही लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं स्वतः जाऊन आली. डब्यातलं दही जसंच्या तसं, कडेलासुद्धा तडा नाही.

"आई, गाडीत खोट न्हाई," ती म्हणाली. पोरगी जन्मली इथं, पण असली वाक्यं बिलकुल बदनापुरी बोलते.

मग खोट उरली ती चालवणारीत. त्या संध्याकाळी, आपण कामावर उशिरा आलेलं चालेल का, असं ती फोनवर साहेबांना विचारत होती. म्हणजे रेवाला तीच नेणार. अठ्ठावीस वर्षांत मला इतकं कुणी पाडलं नव्हतं, बदकांनीसुद्धा.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू पहिल्यापासून पळतीच. जल्दी कशाची हाये? लेकराला काय यष्टी धरायचीय?"

चार दिवस मी रोज दही घेऊन फिरले. वळणावर थांबले, विटांवर रांगले, हँडल सोडलं नाही. घरात चार दिवस कढी झाली. नवऱ्यानं तिसऱ्या दिवसापासून जेवायला काय आहे हे विचारणं सोडलं. रविवारच्या दह्याला कडेला एक बारीक तडा होता. तो मुक्तानं बघितला. ती बघतेय हे मी बघितलं, आणि विटांना दोष द्यायला तोंड उघडलं. तिनं डब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "उद्या आठ वाजता."

सोमवारी तिनं रेवाला माझ्या ट्रेलरमध्ये बसवलं. मी इतकी हळू निघाले की कुत्रं फिरवणारे एक आजोबा मला ओलांडून पुढं गेले. कोपऱ्यावर हँडलच्या आरशात पाहिलं, तर शंभर पावलं मागं मुक्ता, स्वतःच्या सायकलवर, आपण कुणीच नाही अशा चेहऱ्यानं.

तुम्ही फोनवर विचारता, तिकडं आता घरासारखं वाटतं का? इथले शेजारी फार सभ्य. माझ्यावर असा डोळा ठेवावा, असं त्यांना कधी वाटलं नाही. ते कष्ट घरचं माणूसच घेतं. मी मागं बघितल्याचं दाखवलं नाही. कालव्याकडून चांगला लांबचा वळसा घेतला. येऊ दे मागं मागं.