वारबेरीची विहीण

माझ्या लेकीने स्वीडनमधल्या मुलाशी लग्न केलं, त्याला आता तीन वर्षं होतील. गेल्या जानेवारीत त्याची आई पहिल्यांदा आमच्याकडे कुंभकोणम्‌ला आली. लेक-जावई तिला आमच्या हवाली करून चार दिवस मदुरैकडे फिरायला गेले आणि मी पेचात पडले. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. माझं इंग्रजी फळ्यापुरतं. घरात आम्ही आमची तंजावरची जुनी मराठी बोलतो, जी ऐकून पुण्याचे पाहुणेही हसतात. या उंच, पांढऱ्या केसांच्या विहीणबाईंशी मी बोलू काय?

पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. हसून हसून माझे गाल दुखले.

तिसऱ्या दिवशी पहाटे परसात पाण्याचा आवाज आला. बघते तर विहीणबाई गाऊन घालून विहिरीच्या काठाशी उभ्या आणि बादलीने गार पाणी डोक्यावर ओतून घेत होत्या. मी धावले आणि माझ्या फळ्यापुरत्या इंग्रजीत ओरडले.

"गरम पाणी ठेवलंय! थंडी वाजेल!"

"थंडी?" त्या नाकावरचं पाणी पुसत म्हणाल्या. "हे तर कोमट आहे."

मग कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, हातात धरून त्यांनी मला त्यांचं गाव सांगितलं. लिहितात वारबर्ग, म्हणतात मात्र वारबेरी. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं गाव. तिथे समुद्रातच खांबांवर उभं असलेलं लाकडी स्नानगृह आहे, वर घुमट असलेलं. एक बाजू बायकांची, एक पुरुषांची. आधी शेकोटीसारख्या तापलेल्या खोलीत घाम गाळायचा आणि मग जिना उतरून थेट समुद्रात शिरायचं. हिवाळ्यातसुद्धा.

"आणि कपडे?" मी विचारलं.

"कपडे नाहीत."

ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या आमच्या यांनी विचारलं, "काय सांगतायत त्या?"

"तिकडे थंडी फार असते म्हणे," मी सांगितलं.

विहीणबाईंना मराठी येत नव्हती, पण माझा चेहरा त्यांना बरोबर वाचता आला. त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली, आणि मीही तोंडाला पदर लावून हसले. तिथून आमचं जमलं.

दुपारी त्यांनी फोनवर फोटो दाखवले. समुद्रालगत दगडी किल्ला. त्याच्या आत संग्रहालय, आणि त्यात शेकडो वर्षं दलदलीत पडून राहिलेल्या एका माणसाचे कपडे, टोपीसकट. किल्ल्यात पूर्वी तुरुंग होता. आता त्याच कोठड्यांत पर्यटक हौसेने झोपतात. गाव आगीत जळालं, जागा बदलून पुन्हा वसलं. आणि एकेकाळी तो सगळा मुलूख स्वीडनचा नव्हताच, डेन्मार्कचा होता.

"डेन्मार्कचा?" मी ताठ बसले. "अहो, डेन्मार्कवाल्यांचा किल्ला तर आमच्याकडेही आहे! दोन तासांवर."

आता त्या ताठ बसल्या.

दुसऱ्याच दिवशी गाडी केली आणि आम्ही दोघी तरंगंबाडीला गेलो. भूगोल शिकवताना मी या गावाचं नाव नकाशावर कितीदा तरी दाखवलं होतं, पण प्रत्यक्ष गेले होते एकदाच, शाळेच्या सहलीत, चाळीस मुली मोजत. किल्ला कधी नीट पाहिलाच नव्हता. त्या दिवशी पाहिला. पिवळसर भिंती, समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा. तंजावरच्या नायक राजाने डेन्मार्कच्या लोकांना इथे जागा दिली, आमचे मराठे पूर्वज त्यानंतर आले, हे मी सांगितलं.

"म्हणजे आपण सगळेच बाहेरून आलेले," त्या म्हणाल्या, आणि तोफेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

जुन्या दफनभूमीत त्या एका झिजलेल्या दगडापुढे वाकल्या आणि बोटाने अक्षरं लावत वाचू लागल्या. डॅनिश त्यांच्या भाषेच्या जवळची. "कुणाची तरी बायको. फार तरुण होती," त्या हळूच म्हणाल्या. मला तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवला. लहानपणी वडिलांनी मला तो असाच बोट लावून वाचायला शिकवला होता. मी ते त्यांना सांगितलं. मग दोघींनी मिळून त्या दगडावरचा पाचोळा झाडला.

समुद्र दिसताच मात्र विहीणबाई चपला काढून निघाल्या. जाळी निवडत बसलेली एक कोळीण ओरडली, "अम्मा, पुढे जाऊ नका! इथला समुद्र ओढतो!" मी तमिळमध्ये तिला हो म्हटलं आणि विहीणबाईंचा दंड घट्ट धरला. गुडघाभर पाण्यातच थांबायचं ठरलं. पण लाटेला ते कुठे ठाऊक! एक आली आणि दोघींना बसवून गेली. रेशमी साडी, अंबाडा, चष्मा, सगळं वाळूने भरलं. बासष्ट वर्षांत मी समुद्रात पाऊल बुडवण्यापलीकडे गेले नव्हते. कोळीण कपाळाला हात लावून हसत होती आणि मला उठावंसंच वाटेना.

परतताना ओल्या साडीनेच गाडीत बसून मी त्यांना आपल्यातलं 'तू' आणि 'तुम्ही' समजावलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना तूच. डॉक्टरला, मास्तरला, सासूलाही."

"मग मलाही तूच म्हण," मी म्हटलं. रस्ताभर त्या घोकत राहिल्या: तू ये, तू बैस, तू जेव.

घरी आलो तर लेक-जावई मदुरैहून परतलेले. आमचा अवतार पाहून हे ओसरीवरून लगबगीने उठले. विहीणबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तू बैस!"

पस्तीस वर्षं बँकेत साहेब म्हणून वावरलेले आमचे हे मुकाट्याने खाली बसले. मग स्वतःच सगळ्यांत आधी हसू लागले.

"आई," लेक माझ्या केसांतली वाळू झाडत म्हणाली, "तुम्ही दोघी नक्की कुठे गेला होता?"